‘पुढे चल, उजवीकडे वळ’ : चित्रांच्या आज्ञांना नावे कशी मिळाली?

१/२४
संगणकाला चौरस काढायला सांगायचे, तर ते कोणत्या शब्दांत सांगावे? प्रश्न किरकोळ वाटतो. पण प्रोग्रामिंग शिकू पाहणाऱ्याचा पहिला तास बहुधा याच शब्दांवर तरतो किंवा बुडतो. सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीत मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलापुढे तर हा प्रश्न दुहेरी उभा राहतो : शब्द सोपा आहे का, आणि तो आपला आहे का? नवशिक्यांच्या भाषांत चित्रांच्या आज्ञांना नावे कशी मिळाली आणि या कथेत मुंबईच्या पवईचे स्थान कोणते, त्याचा हा थ्रेड.

२/२४
१ मे १९६४. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी घडवलेली ‘बेसिक’ ही भाषा प्रथम चालली. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही संगणक वापरता यावा, हा त्यामागचा हेतू होता. म्हणूनच यंत्रावर काम सुरू करताना ‘लॉगऑन’ऐवजी ‘हॅलो’ आणि संपवताना ‘लॉगऑफ’ऐवजी ‘गुडबाय’ असे शब्द ठेवले गेले. नाव ही नवशिक्याची पहिली पायरी असते, हे तेथे ओळखले गेले होते. मात्र त्या मूळ बेसिकमध्ये चित्रासाठी आज्ञा नव्हत्या. विद्यार्थ्यासमोर असे ते कागदावर अक्षरे उमटवणारे टेलिटाइप यंत्र.

३/२४
तीनच वर्षांनी, १९६७ मध्ये, केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत ‘लोगो’ ही मुलांसाठीची भाषा आकाराला आली. वॅली फॉयरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन ही तिच्या जनकांतील प्रमुख नावे. ‘लोगो’ हे नाव ‘शब्द’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले, आणि आरंभी ही भाषा खरोखरच शब्दांशी आणि वाक्यांशी खेळणारी होती. चित्र तिच्यात नंतर आले. आले ते एका कासवाच्या रूपाने.

४/२४
या कासवाचा पूर्वज इंग्लंडमधला. ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या मेंदूविज्ञानाच्या संशोधकाने १९४८-४९ च्या सुमारास स्वतःहून फिरणारी दोन छोटी यंत्रे बनवली आणि त्यांना कासव म्हटले. १९६९-७० च्या सुमारास एमआयटीत पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीवर चालणारे यंत्रकासव लोगोच्या आज्ञांना जोडले. त्याच्या पोटाखाली पेन होते. कासव चालले की कागदावर रेघ उमटे. हेच कासव पुढे पडद्यावर चढले आणि लहानशा त्रिकोणाच्या रूपात स्थिरावले.

५/२४
त्याच्या आज्ञा मोजक्याच होत्या : फॉरवर्ड, बॅक, लेफ्ट, राइट, पेनअप, पेनडाउन. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. औत चालते तेव्हा मागे तास उमटतो. बांधापाशी फाळ उचलून औत वळवले की तेवढ्यापुरती रेघ थांबते. फाळ पुन्हा टेकला की रेघ पुन्हा सुरू होते. उचललेला फाळ म्हणजे पेनअप, टेकलेला फाळ म्हणजे पेनडाउन. येथे रेघ ही चालण्याची खूण आहे. आधी चालणारा असतो, मग चित्र.

६/२४
चित्र काढण्याची दुसरी रीत ठिपक्यांच्या रांगोळीची. आधी ठिपक्यांची जाळी मांडायची आणि मग या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत रेघ ओढायची. गणितात याला निर्देशक भूमिती म्हणतात : प्रत्येक बिंदूला दोन संख्यांचा पत्ता. या रीतीत चित्र काढणारा बाहेर उभा राहून सगळे अंगण पाहत असतो. कासवाच्या रीतीत तो स्वतः अंगणात चालत असतो. नवशिक्यांच्या भाषांतील चित्रांच्या नावांचा इतिहास हा बराचसा या दोन जागांचा इतिहास आहे : शिकणाऱ्याला चित्राबाहेर उभे करायचे की चित्राच्या आत?

७/२४
आत उभे केल्याने सगळे सोपे होते असे नाही. लोगोमधील ‘राइट ९०’ वाचून अनेक मुलांना वाटे की कासव उजव्या बाजूला ९० पावले सरकेल. प्रत्यक्षात ते जागच्या जागी ९० अंशांत वळते. दिशेचे नाव आहे, पण क्रियापद नाही. घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. दुसरी अडचण त्रिकोणाची. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, असे पाठ केलेले मूल ‘राइट ६०’ लिहिते आणि त्रिकोण काही होत नाही. कासवाला वळायचे असते ते बाह्यकोनाएवढे, म्हणजे १२० अंश.

८/२४
ही दुसरी अडचण मात्र शिकवून जाते. मूल स्वतः चालून पाहते आणि त्याच्या लक्षात येते की फेरी पूर्ण करून मूळ जागी मूळ दिशेला तोंड करून उभे राहायचे, तर एकूण वळण ३६० अंशांचे व्हायला हवे. त्रिकोणात १२० अंश तीनदा, चौरसात ९० अंश चारदा. पाच टोकांच्या चांदणीत १४४ अंश पाचदा, म्हणजे ७२०; दोन पूर्ण फेऱ्या. पॅपर्ट यांनी १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात मांडलेला विचार हाच : शरीराला जे आधीच कळते, त्यावर गणित उभे करावे आणि यंत्राने मुलाला शिकवण्याऐवजी मुलाने यंत्राला शिकवावे.

९/२४
भारतीय शाळांत मात्र संगणक मुख्यतः दुसऱ्या वाटेने आला. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा संगणक साक्षरतेचा प्रायोगिक उपक्रम सुरू केला. सुरुवातीला देशभरातील सुमारे २५० शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांच्यासाठी यंत्र ठरले ते ‘बीबीसी मायक्रो’. ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या या संगणकातली भाषा होती बीबीसी बेसिक, आणि ती लिहिली होती सोफी विल्सन यांनी.

१०/२४
बीबीसी बेसिकमधील चित्रांच्या नावांत दोन स्वभाव शेजारी शेजारी नांदतात. ‘मूव्ह’ म्हणजे रेघ न ओढता त्या बिंदूवर जा. ‘ड्रॉ’ म्हणजे तेथपर्यंत रेघ ओढ. दोन्ही शब्द कानाला सरळ. पण भरीव त्रिकोण हवा असेल तर लिहावे लागे ‘प्लॉट ८५’. ८५ का? कारण ‘प्लॉट’च्या पोटात प्रत्येक कृतीला एक क्रमांक होता : ४ म्हणजे मूव्ह, ५ म्हणजे ड्रॉ, ८५ म्हणजे आधीचे दोन बिंदू आणि हा तिसरा यांच्यामधला भरलेला त्रिकोण. नेहमीच्या कामांना नावे मिळाली, उरलेल्यांना क्रमांक.

११/२४
याच भाषेत एक निर्णय मात्र शिकणाऱ्याच्या बाजूने घेतलेला दिसतो. पडद्याचा आरंभबिंदू खाली डाव्या कोपऱ्यात होता आणि वर जाताना संख्या वाढे, अगदी शाळेतल्या आलेखासारखी. शिवाय चित्रणाची पद्धत कोणतीही निवडली तरी पडद्याची मापे १२८० बाय १०२४ हीच धरली जात. यंत्राचे खरे ठिपके त्याहून कमी असले तरी हिशेब यंत्राने करायचा, विद्यार्थ्याने नव्हे. आज्ञेचे नाव जितके महत्त्वाचे, तितकेच ती आज्ञा कोणाच्या मापाने मोजते हेही महत्त्वाचे.

१२/२४
पुढे महाराष्ट्रातील महाविद्यालयांत सी आणि सी++ यांचे युग आले. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाने सी भाषा देशभरातील विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आणली, आणि प्रयोगशाळांत बोरलँड कंपनीचे ‘टर्बो सी’ दीर्घकाळ ठाण मांडून बसले. त्यात चित्रांसाठी वेगळा संच होता. त्यातील नावे वाईट नव्हती : ‘लाइन’, ‘सर्कल’, ‘पुटपिक्सेल’. अडचण होती ती दारातच.

१३/२४
पहिली रेघ ओढण्यापूर्वी ‘इनिटग्राफ’ नावाची आज्ञा द्यावी लागे. तिला तीन गोष्टी हव्या असत : चित्रयंत्रणा चालवणाऱ्या ड्रायव्हरचा प्रकार, पडद्याची पद्धत आणि डिस्कवरील एका फोल्डरचा पत्ता. पहिल्या दोन गोष्टींआधी ‘अँपरसँड’ हे चिन्ह लागे आणि त्याचा अर्थ ‘पॉइंटर’ हा धडा झाल्यावरच उमगे. फोल्डरचा पत्ता चुकला की पडदा काळाच राही. वर्तुळ काढायला आलेला विद्यार्थी आधी यंत्राच्या पोटातली माहिती पाठ करी. आरंभबिंदूही आता वर डाव्या कोपऱ्यात गेला होता, कारण जुन्या पडद्यावर किरण वरून खाली सरकत चित्र रंगवी. शाळेतला आलेख येथे उलटा झाला.

१४/२४
आता पवई. आयआयटी मुंबईत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना, मग त्यांची शाखा कोणतीही असो, प्रोग्रामिंगचा एक प्राथमिक विषय शिकावा लागतो. प्रवेश परीक्षेत गणित आणि भौतिकशास्त्रात चमकलेल्या अनेकांनी प्रोग्रामिंग मात्र कधीच केलेले नसते. संगणकशास्त्राचे प्राध्यापक अभिराम रानडे यांनी या वर्गासाठी सी++ भाषेवर ‘सिंपलसीपीपी’ नावाचा संच रचला. त्यावर आधारलेले त्यांचे पाठ्यपुस्तक मॅकग्रॉ-हिल एज्युकेशनने २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. भाषा तीच ठेवली. दार मात्र नवे बसवले.

१५/२४
या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात कासव भेटते. ‘टर्टलसिम’ म्हटले की खिडकी उघडते. ‘फॉरवर्ड(१००)’, ‘राइट(९०)’ हे चार वेळा लिहिले की चौरस उमटतो. ड्रायव्हर नाही, फोल्डरचा पत्ता नाही, अँपरसँडही नाही. एरवी सी++ चा प्रत्येक प्रोग्राम ‘इंट मेन’ या शब्दांनी सुरू होतो, आणि त्यांतला ‘इंट’ का, हे सांगायला शिक्षकाला बरेच दिवस थांबावे लागते. येथे त्या जागी ‘मेन प्रोग्राम’ असे सरळ नाव आहे. आत तीच सी++ असते. न समजलेला शब्द पहिल्या दिवशी मंत्रासारखा घोकावा लागत नाही, एवढेच.

१६/२४
सर्वांत मोलाचे नाव ‘रिपीट’. सी++ मध्ये ही आज्ञा नाही. एखादी गोष्ट चारदा करायची तर ‘फॉर’ वापरावे लागते. त्यासाठी मोजणारा चल हवा, त्याचा आरंभ हवा, थांबण्याची अट हवी आणि दर फेरीला वाढ हवी. चारदा करणे हा विचार एका शब्दाचा. तो मांडण्यासाठी चार कल्पना आधी याव्या लागतात. ‘रिपीट(४)’ने हा क्रम उलटवला. फेरी आधी आली, फेरीची यंत्रणा नंतर. फेरीत फेरी घालून फुलासारख्या नक्ष्या काढता काढता विद्यार्थ्याला ‘फॉर’ची गरज स्वतःच भासू लागते.

१७/२४
कासवावरच हा संच थांबत नाही. पुढे विद्यार्थी ‘सर्कल’, ‘रेक्टँगल’, ‘लाइन’, ‘टेक्स्ट’ अशा वस्तू निर्माण करतो. टर्बो सीमध्ये ‘सर्कल’ ही एक कृती होती. वर्तुळ एकदा उमटले की त्याचे काम संपले. येथे ‘सर्कल’ ही वस्तू आहे. तिला नाव द्यायचे आणि मग ‘मूव्ह’ म्हणून हलवायचे, ‘सेटकलर’ म्हणून रंगवायचे. वस्तू सरकल्यावरही जुन्या जागी तिची छाप हवी असेल, तर ‘इंप्रिंट’. शब्द एकच, ‘सर्कल’; पण एका रचनेत तो क्रियापद होता, दुसऱ्या रचनेत नाम झाला. वस्तुकेंद्री प्रोग्रामिंगचा पहिला धडा या बदलात आपोआप मिळतो.

१८/२४
सगळ्याच गाठी नावाने सुटत नाहीत. ‘गेटक्लिक’ हे नाव उत्तम आहे : वापरणारा पडद्यावर कोठे टिचकी मारतो ते कळव. पण जागा सांगायला दोन संख्या लागतात आणि ही आज्ञा परत देते एकच. म्हणून आडव्या अंतराला ६५,५३६ ने गुणून त्यात उभे अंतर मिळवले जाते. ३०० आणि २०० या बिंदूवर टिचकी मारली, तर उत्तर येते १,९६,६१,०००. विद्यार्थ्याने ६५,५३६ ने भागायचे : भागाकार ३००, बाकी २००. भागाकार आणि बाकी यांचा हा सराव चांगला आहे. पण सोप्या नावामागे यंत्राचा सांगाडा येथे दिसतोच.

१९/२४
रंगाचे नाव हा आणखी एक खडा. बालभारतीच्या इंग्रजी पुस्तकात ‘कलर’चे स्पेलिंग ब्रिटिश पद्धतीचे, म्हणजे ‘यू’ अक्षर असलेले. बीबीसी बेसिकला तेच स्पेलिंग लागे. टर्बो सी आणि सिंपलसीपीपी यांना लागते अमेरिकन, ‘यू’ नसलेले. शिवाय टर्बो सीमध्ये सगळी अक्षरे लहान, तर सिंपलसीपीपीमध्ये मधले ‘सी’ मोठे. शाळेत शिकवले तसे बिनचूक लिहिणाऱ्या मुलाला यंत्र चूक ठरवते. इंग्रजी घरात नसलेल्या विद्यार्थ्याला असल्या चुकीचे कारण स्वतःतच दिसू लागते, आणि नुकसान होते ते येथे.

२०/२४
सोप्या नावांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : ‘रिपीट’ आणि ‘मेन प्रोग्राम’ ही खरी सी++ नव्हे, आज शिकलेले उद्या सोडावे लागेल. आक्षेप खोटा नाही. पण इमारत बांधताना परांची उभारतात ती राहण्यासाठी नव्हे. रानडे यांच्याच पुस्तकात पुढे प्रमाण सी++ सविस्तर येते. परांची कधी उतरवायची हे ठरवून ती बांधली असेल, तर तिचा दोष उरत नाही. उलट परांचीशिवाय वर चढू न शकलेल्यांची गणना कोणतेही महाविद्यालय ठेवत नाही.

२१/२४
आयआयटीच्या वर्गात इंग्रजी चालून जाते. त्याबाहेर? २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या खैरात येथील छोट्या शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे संगणक आले. त्यांत ‘टर्टल आर्ट’ होते : आज्ञांचे ठोकळे जोडून कासव चालवायचे. टंकलेखनाची अडचण त्याने दूर केली. पण मूळ ठोकळ्यांवर ‘फॉरवर्ड’ जसे होते, तसेच दिशा ठरवण्यासाठी ‘सेटएच’ असे तुटक नावही होते. पुढे २०२१-२२ पासून पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीची पदवी मराठीतून सुरू झाली. तेथेही शिकवण्याची भाषा मराठी असली, तरी प्रोग्रामिंगच्या प्रचलित भाषांतील आज्ञा इंग्रजीच राहतात.

२२/२४
मग मराठी नावे कशी असावीत? मराठीत एक सोय आहे : आज्ञार्थ. ‘पुढे चल’, ‘उजवीकडे वळ’. लोगोतल्या ‘राइट’चा घोटाळा येथे उद्भवतच नाही, कारण ‘उजवीकडे सरक’ आणि ‘उजवीकडे वळ’ यांतला फरक क्रियापदच सांगते. दुसरी गोष्ट संबोधनाची. संगणकाच्या पडद्यांवरील मराठी आदरार्थी असते : ‘जतन करा’, ‘उघडा’. ती वाचताना यंत्रच माणसाला आज्ञा देत आहे असा भास होतो. कासवाला मूल ‘चल’ म्हणते, ‘चला’ नव्हे. कोण कोणाला सांगत आहे, हे त्या एका अक्षराने स्पष्ट होते. आणि पॅपर्ट यांना हवे असलेले नाते याहून वेगळे नव्हते.

२३/२४
शब्द निवडताना इतिहासाचा एक इशारा उपयोगी पडतो. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. राज्याला स्वतःची भाषा हवी, ही त्यामागची दृष्टी मोठी होती. तरीही ‘कागद’, ‘जमीन’, ‘दुकान’ हे शब्द मराठीने सोडले नाहीत, कारण ते लोकांच्या तोंडी रुजले होते. तेव्हा पेनअपसाठी ‘लेखणी उत्थापन’ नको. ‘पेन उचल’ पुरे. मूल हातातल्या वस्तूला पेनच म्हणते. परका शब्द काढण्यापेक्षा अनोळखी शब्द टाळणे हे नवशिक्याच्या भाषेत अधिक महत्त्वाचे.

२४/२४
हे केवळ स्वप्नरंजन नव्हे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ मध्ये नावे देवनागरीत लिहिता येतात, आणि पायथनसोबत ‘टर्टल’ संचही मिळतो. एका ओळीत ‘फॉरवर्ड’ला ‘पुढे_चल’ असे दुसरे नाव देता येते, दुसऱ्या ओळीत ‘राइट’ला ‘उजवीकडे_वळ’. नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून मधे अधोरेषा; अंक मात्र १, २, ३ असे देवनागरीत लिहिलेले चालत नाहीत, ते इंग्रजीच लागतात. दहा-बारा ओळींत तामलवाडीच्या वर्गाला पुरेल एवढी मराठी कासवभाषा तयार होते. त्यासाठी नवी भाषा घडवावी लागत नाही आणि पुढच्या वर्षी इंग्रजी नावांकडे जाण्याची वाटही बंद होत नाही. तांत्रिक दार तेव्हापासून उघडे आहे. उरलेले काम शब्द ठरवण्याचे आहे, आणि ते वर्गात मुलांसमोर बसूनच करावे लागेल : कोणता शब्द ऐकून मूल न विचारता उठते, चार पावले चालते आणि वळते, हे पाहत.

(थ्रेड समाप्त)